ब्रिटिश कॉमिक्स-फॅनझीनचा इतिहास कसा लिहावा : बडोद्यातील एका ट्रंकेवरून बसवलेली पद्धत

फॅनझीन म्हणजे एखाद्या विषयाच्या चाहत्यांनी पदरमोड करून आपल्यासारख्याच चाहत्यांसाठी काढलेले हौशी नियतकालिक. हा शब्द १९४० मध्ये अमेरिकेतील विज्ञानकथांचे चाहते रस शोवने यांनी घडवला, आणि पुढे तो कॉमिक्स, संगीत, फुटबॉल अशा अनेक क्षेत्रांत रुळला. मराठी वाचकाला ही वस्तू परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या शाळांची आणि वाचनालयांची हस्तलिखिते, तसेच १९५० च्या दशकात मुंबईत निघालेले 'शब्द'सारखे चक्रमुद्रित अंक, ही सारी त्याच कुळातली. ज्या जातीच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर आपल्या कचेऱ्यांची परिपत्रके निघत, त्याच जातीच्या यंत्रावर इंग्लंडमधील शाळकरी मुले आपापले अंक काढीत होती.

माझा या विषयाशी संबंध एका ट्रंकेमुळे आला. माझे मामा १९७० च्या दशकात लेस्टर येथील एका होजिअरी कारखान्यात नोकरीला होते. ते बडोद्यास परतले तेव्हा दांडिया बाजारातील घरी आलेल्या सामानात कॉमिक्सचा एक गठ्ठा आणि एकोणीस फॅनझीन होते. त्यांतील काहींची मुखपृष्ठे गळून पडली होती आणि दोन अंकांवर नावच उरले नव्हते. त्यांचा क्रम लावताना जी पद्धत हाती आली ती येथे सविस्तर सांगत आहे. कोणाला असाच गठ्ठा मिळाला असेल, किंवा एखाद्या ब्रिटिश फॅनझीनचा इतिहास भारतात बसून लिहायचा असेल, तर तिचा उपयोग होईल.

या कामाचे सूत्र असे, की अंकाच्या कडा आधी वाचाव्यात आणि लेख शेवटी. कडा म्हणजे किंमत, पत्ता, वर्गणीचा नियम, छोट्या जाहिराती, वाचकांची पत्रे आणि उशीर झाल्याबद्दल संपादकाने मागितलेली माफी. लेखांतून कॉमिक्सविषयी माहिती मिळते, पण खुद्द फॅनझीन कसे चालले, कोणी चालवले आणि का थांबले, हे कडांवरच लिहिलेले असते. सुरुवातीस मी उलटे केले. पहिले कित्येक महिने लेखांची टिपणे काढण्यात गेली आणि शेवटी हाती आले ते कॉमिक्सविषयीचे टिपण, फॅनझीनचा इतिहास नव्हे.

पार्श्वभूमी आधी पक्की करावी

कोणताही अंक उघडण्यापूर्वी ही नियतकालिके मुळात का निघाली हे समजून घ्यावे. १९५९-६० पासून अमेरिकन कॉमिक्स ब्रिटनमध्ये रीतसर आयात होऊ लागली. त्यांच्या वितरणात लेस्टरच्या थॉर्प अँड पोर्टर या कंपनीचा वाटा मोठा होता. ही कंपनी अमेरिकेहून आलेल्या प्रतींच्या मुखपृष्ठांवर पेन्समधील किमतीचा शिक्का मारून त्या विक्रीस पाठवीत असे. पुरवठा मात्र बेभरवशाचा होता. एखाद्या गावी क्रमशः कथेचा पाचवा भाग यावा आणि सहावा कधीच येऊ नये, असे सर्रास घडे. बडोदे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर वेताळाच्या पुढच्या इंद्रजाल कॉमिक्ससाठी ज्यांनी खेटे घातले आहेत, त्यांना ही तगमग वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. हुकलेला अंक दुसऱ्या गावच्या कोणाकडे तरी असणार, पण त्या माणसाचा पत्ता कसा लागावा? या अडचणीतून 'फँटसी ॲडव्हर्टायझर' जन्मास आले. फ्रँक डॉबसन यांनी १९६५ मध्ये सुरू केलेले हे पत्र आरंभी जवळजवळ निव्वळ जाहिरातींचे होते. कोणाकडे काय विकाऊ आहे आणि कोणाला काय हवे आहे, एवढाच त्यातील मजकूर असे.

पुढे डॉबसन यांच्याकडून ते डेझ स्किन आणि पॉल मॅकार्टनी या जोडीकडे आले, त्यानंतर कॉलिन कँपबेल, मार्टिन लॉक आणि मार्टिन स्किडमोर यांनी ते सांभाळले. जाहिरातपत्राचे हळूहळू लेख, मुलाखती आणि समीक्षा छापणारे नियतकालिक झाले, नाव आखडून 'एफए' एवढेच उरले, आणि १९९१ मध्ये ते थांबले. एका हातातून दुसऱ्या हातात जात सव्वीस वर्षे टिकलेले हौशी पत्र ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. हस्तलिखिताचा संपादक मॅट्रिक होऊन गावाबाहेर गेला की अंक बंद पडतो, हे आपण किती वेळा पाहिले आहे. म्हणून या प्रकारच्या इतिहासात संपादकपद एकाकडून दुसऱ्याकडे कसे गेले, यावर सर्वाधिक मेहनत घ्यावी.

आजूबाजूची मंडळीही ठाऊक असावीत. फिल क्लार्क आणि स्टीव्ह मूर यांनी १९६७ मध्ये 'का-पाव' काढले. ब्रिटनमधील कॉमिक्सला वाहिलेल्या अगदी पहिल्या फॅनझीनमध्ये त्याची गणना होते. १९६८ मध्ये क्लार्क यांच्याच पुढाकाराने बर्मिंगहॅम येथे ब्रिटनचे पहिले कॉमिक्स-संमेलन भरले. मार्टिन लॉक यांचे 'बेम' १९७३ मधले. १९८३ मध्ये पॉल ग्रॅव्हेट आणि पीटर स्टॅनबरी यांनी 'एस्केप' सुरू केले, तोवर हौशी प्रकाशनाचे रूप पालटून गेले होते. यांतील कित्येक जण पुढे व्यवसायात शिरले. स्किन यांनी मार्च १९८२ मध्ये 'वॉरियर' हे मासिक काढले, आणि फॅनझीनच्या काळापासूनचे अनेक ओळखीचे हात त्यात राबले.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पुढे नावारूपास आलेल्या माणसांच्या मागे लागून फॅनझीनचा इतिहास मागून पुढे लिहिला जाण्याचा मोठा धोका असतो. मग पहिल्या अंकापासून निष्ठेने पत्रे लिहिणारा, पण पुढे काहीच न झालेला वाचक वगळला जातो. अशाच वाचकाच्या वर्गणीवर अंक निघत होते, हे विसरू नये.

कागद हाताळताना

ट्रंक उघडल्यावर अंक लगेच चाळू नयेत. गंजलेली पिन सर्वांत घातक असते, कारण ती कागदाला खाते आणि पान उलटताना नेमके तेथेच फाटते. पिनेची टोके मागच्या बाजूने पातळ सुरीने उचलून, सरळ करून मग ती काढावी, पुढून ओढू नये. सुटी पाने मऊ पांढऱ्या दोऱ्याने बांधून ठेवावीत. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरे घेऊन निघते. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या कागदांत टाकण्याची आपली सवयही येथे टाळावी. कोरडा डबा आणि दर दोन महिन्यांनी उघडून पाहणे, एवढे पुरते.

३१ जुलै २०१९ च्या पावसात बडोद्यात पाणी शिरले तेव्हा आमच्या तळमजल्यावरील कपाटाचा खालचा कप्पा भिजला आणि त्यात चार अंक ओले झाले. छापील वर्तमानपत्रात ओले पान दाबले तर त्याची शाई पानावर उतरते, म्हणून कोरा टीपकागद वापरून, उन्हात न ठेवता, पंख्याखाली ती पाने सुकवली. दुसऱ्या दिवशी जे दिसले ते अजून डोळ्यांपुढे आहे. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पानांपैकी एकावरचा जांभळा मजकूर विरघळून सगळ्या पानावर फिकट जांभळी छटा पसरली होती, आणि दुसऱ्यावरचा काळा मजकूर जसाच्या तसा होता. जांभळे पान स्पिरिट डुप्लिकेटरवर, म्हणजे अल्कोहोलच्या साह्याने मूळ प्रतीवरील रंग कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर, काढलेले होते. त्यातील रंग पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. काळे पान सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवरचे होते, आणि तिची शाई तेलकट असते. हा प्रयोग कोणी मुद्दाम करू नये, पण जांभळी पाने हाती असतील तर ती सर्वांत आधी स्कॅन करावीत. ती उजेडातही विटतात.

यंत्राची ओळख पटली की अंकाच्या प्रतींचा अंदाज येतो. स्पिरिटच्या एका मूळ प्रतीवरून शंभरेक प्रती स्वच्छ निघतात, त्यानंतर अक्षर पुसट होत जाते. त्यामुळे अशा अंकाचा खप पाचशे होता असा दावा कोठे आढळला तर तो तपासल्याशिवाय घेऊ नये. स्टेन्सिलवर कित्येक शेकडा प्रती निघतात. रिबन काढून टंकयंत्रावर स्टेन्सिल कापताना 'ओ' सारख्या अक्षराचा मधला भाग कधीकधी गळून पडतो आणि छापल्यावर तेथे भरीव काळा ठिपका येतो. भिंगातून असे ठिपके दिसले की ओळख पक्की समजावी. दोन वेगळ्या अंकांत तेच एक अक्षर तसेच वाकडे पडत असेल, तर दोन्ही एकाच टंकयंत्रावर झाले असण्याचा संभव बळावतो. नाव नसलेल्या दोन अंकांपैकी एक मला असाच ओळखता आला. कागदाचा आकारही मोजून ठेवावा. आठ बाय दहा इंचांचा क्वार्टो आणि आठ बाय तेरा इंचांचा फुलस्केप हे ब्रिटनचे जुने आकार, आणि त्यांची जागा १९६० व १९७० च्या दशकांत ए-४ ने घेतली.

किमतीवरून तारीख

फॅनझीनवर तारीख नसणे, किंवा असलेली खोटी ठरणे, ही नित्याची गोष्ट आहे. संपादक 'उन्हाळा' लिहून हिवाळ्यात अंक टपालात टाकी. म्हणून छापील तारखेला आधार शोधावा लागतो, आणि ब्रिटनच्या बाबतीत तो किमतीत मिळतो. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत तेथे एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगचे बारा पेन्स होते. त्या दिवसापासून पौंडाचे शंभर नवे पेन्स झाले. आपल्याकडे १९५७ मध्ये आण्यांचे नये पैसे झाले तसाच हा बदल. तेव्हा किंमत १/६ अशी छापलेली असेल तर ती एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे नव्या हिशेबाने साडेसात पेन्स, आणि तो अंक बहुधा त्या तारखेपूर्वी तयार झालेला असतो.

माझ्याकडील एका मुखपृष्ठहीन अंकाच्या पहिल्या पानावर १/६ हा आकडा निळ्या शाईच्या पेनने खोडून शेजारी ७½ असे लिहिले आहे, आणि संपादकीयात 'टपाल संपामुळे' उशीर झाल्याचा उल्लेख आहे. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप २० जानेवारी १९७१ रोजी सुरू होऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिटला. म्हणजे अंकाची पाने १५ फेब्रुवारीपूर्वीच्या किमतीने कापली गेली, संपादकीयाचे पान मागाहून जोडले गेले, आणि प्रती संप मिटल्यावर हाताने किंमत बदलून रवाना झाल्या. दोन खुणा एकमेकींना दुजोरा देतात तेव्हाच तारीख लिहावी, एकाच खुणेवर विसंबू नये. जुन्या किमतीचे कोरे मुखपृष्ठ उरले म्हणून वर्षभर तेच वापरणारे संपादकही असणारच.

पत्त्यांचा उपयोगही असाच करता येतो. ब्रिटनमध्ये आजचे पूर्ण पोस्टकोड टप्प्याटप्प्याने आले आणि १९७४ पर्यंत देशभर लागू झाले. त्यामुळे केवळ 'लंडन, एस. ई. ६' एवढाच पत्ता असेल तर अंक आधीचा असण्याची शक्यता अधिक. दूरध्वनी क्रमांक सापडल्यास उत्तम. लंडनचा ०१ हा संकेतांक ६ मे १९९० रोजी जाऊन त्याच्या जागी ०७१ आणि ०८१ आले, तेव्हा एफएसारख्या पत्राच्या अखेरच्या काळातील लंडनच्या जाहिराती यावरून अचूक विभागता येतात. १९७४ च्या आरंभीचा तीन दिवसांचा आठवडा (वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवण्याचा सरकारी आदेश), त्या काळातील वीजकपात, यांचेही पडसाद संपादकीयांत उमटलेले दिसतात. वीज नाही म्हणून मेणबत्तीच्या उजेडात पाने जुळवल्याचे कोणी लिहिले असेल तर ते वाक्य जपून उतरवून घ्यावे.

माझ्या मते सर्वांत बोलकी ओळ वर्गणीची असते. 'पोस्टल ऑर्डर अमक्याच्या नावे काढावी' असे लिहिलेले असते तेव्हा अंकाला स्वतःचे बँक खाते नाही, तो एका माणसाच्या खिशातून चालतो, हे उघड होते. हे नाव अंकागणिक तपासत जावे. संपादकपदाचे हस्तांतर औपचारिकपणे जाहीर होण्याच्या एक-दोन अंक आधीच पैसे दुसऱ्याच्या नावे मागवले जाऊ लागले असतील, तर जबाबदारी खऱ्या अर्थाने केव्हा बदलली हे तेथे कळते.

नोंदवही

या सर्व खुणांसाठी एक मोठी आखीव नोंदवही करावी. संगणकावरचा तक्ता चालेल, पण मी हिशेबाची जाड वही वापरली, कारण अंक समोर ठेवून भिंगातून पाहताना लिहिणे तिच्यात सोपे जाते. प्रत्येक अंकाला दोन समोरासमोरची पाने द्यावीत. डावीकडे अंकावर जे छापले आहे ते जसेच्या तसे, चुकांसह उतरवावे, आणि उजवीकडे आपला तर्क त्याच्या कारणासह लिहावा. या दोन पानांची सरमिसळ झाली की पुढे आपलाच तर्क आपल्याला पुरावा वाटू लागतो.

क्रमांकांवर विश्वास ठेवू नये. जोडअंक निघतात, एखादा क्रमांक गाळला जातो, नवा संपादक पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू करतो. नावांच्या बाबतीत तर दक्षता अधिकच हवी. फँटसी ॲडव्हर्टायझरचे पॉल मॅकार्टनी म्हणजे बीटल्सचे गायक नव्हेत. स्टीव्ह मूर आणि विख्यात कॉमिक्स-लेखक ॲलन मूर हे स्नेही होते, नातेवाईक नव्हते. 'एफए' म्हणून शोध घेतला तर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचेच कागद पुढे येतात, आणि 'फँटसी ॲडव्हर्टायझर' याच नावाचे विज्ञानकथांचे एक पत्र १९४० च्या दशकात अमेरिकेत निघत असे. त्याचे अंक या पत्रात मिसळले की सगळा कालक्रम कोसळतो.

छोट्या जाहिरातींसाठी वहीचा वेगळा भाग राखावा. कोणती कॉमिक्स 'हवी आहेत' या सदरात वारंवार येतात आणि कोणती 'विकणे आहे' मध्ये, हे मोजले की कोणत्या गोष्टी दुर्मीळ होत्या याचे चित्र उभे राहते. याच जागी गावांची नावेही मिळतात. ती नकाशावर मांडल्यास वाचकवर्ग कोठवर पसरला होता हे दिसते.

पत्रव्यवहार आणि मर्यादा

जे संपादक आणि लेखक हयात आहेत त्यांना लिहावे, पण आपल्याजवळचे अंक पूर्ण वाचून झाल्यावरच. 'आपल्या फॅनझीनविषयी सांगा' या प्रश्नाला कोणीही चार ठरावीक वाक्ये पाठवतो. 'अमुक अंकाची शेवटची चार पाने वेगळ्या कागदावर का आहेत' असे विचारले तर माणसाला पन्नास वर्षांपूर्वीची खोली, यंत्र आणि शाईचा वास आठवतो. एका पत्रात तीनहून अधिक प्रश्न नसावेत. त्या अंकाच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडावे, कारण त्यांच्याजवळ स्वतःची प्रत असेलच असे नाही. उत्तर आले तर ते आठवण म्हणून घ्यावे आणि डाव्या पानावरील नोंदीशी ताडून पाहावे.

याहून महत्त्वाचे असे, की त्या काळी पत्रलेखकांच्या नावाखाली त्यांच्या घरांचे पूर्ण पत्ते छापले जात. तेव्हाची बारा-चौदा वर्षांची मुले आज म्हातारी झाली असतील, काही त्याच घरांत राहतही असतील. आपल्या इतिहासात गावाचे नाव पुरे, घराचा पत्ता छापू नये. स्कॅन केलेली पाने इतरांना देतानाही तो भाग झाकावा.

उताऱ्यांच्या बाबतीत कायदा लक्षात घ्यावा. संपादकाची परवानगी मिळाली म्हणजे सर्व मिळाले असे होत नाही, कारण चित्राचा हक्क चित्रकाराचा आणि पत्राचा हक्क पत्रलेखकाचा असतो. ब्रिटनमध्ये तो लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे आणि भारतात साठ वर्षे टिकतो. समीक्षेपुरते थोडके उतारे द्यावेत, पूर्ण पाने देऊ नयेत.

आपल्याजवळ नसलेल्या अंकांसाठी लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीची सूची घरबसल्या पाहता येते. ब्रिटनमधील प्रकाशकाने प्रत्येक प्रकाशनाची एक प्रत तेथे देणे कायद्याने बंधनकारक आहे, पण स्वयंपाकघरातील टेबलावर अंक जुळवणाऱ्या मुलाला हा कायदा ठाऊक असेलच असे नाही. म्हणून सूचीत अंक आढळला नाही यावरून तो निघालाच नव्हता असा निष्कर्ष काढू नये. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील नॅशनल आर्ट लायब्ररीतही कॉमिक्सचे मोठे संग्रह आहेत.

लिहिताना

लेखनाची सुरुवात पहिल्या अंकापासून न करता, ज्याच्याविषयी सर्वाधिक पुरावे जमले आहेत अशा एका अंकापासून करावी. तो कसा टंकला, छापला, जुळवला आणि पाठवला, हे पूर्ण वाढून द्यावे. एका अंकाची घडण वाचकाच्या मनात नीट बसली की आधीचे आणि नंतरचे अंक थोडक्यात सांगता येतात. पुराव्याचा भाग आणि तर्काचा भाग वाक्यातच वेगळा दिसला पाहिजे. 'दिसते', 'संभवते', 'छापलेले आहे' या क्रियापदांत काटेकोर भेद ठेवला तर तेवढे सहज साधते.

काम पुरे झाल्यावर त्याच्या दहा-पंधरा प्रती छापून घ्याव्यात. ज्यांनी उत्तरे पाठवली त्यांना प्रत्येकी एक पाठवावी, आणि एक आपल्या गावच्या ग्रंथालयात द्यावी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभारलेले बडोद्याचे सेंट्रल लायब्ररी आमच्या घरापासून फार लांब नाही, तेथे एक प्रत देण्याचे मी ठरवले आहे. प्रतीच्या शेवटी चार पाने कोरी, आखलेली ठेवावीत आणि त्यांवर 'दुरुस्त्या' एवढेच शीर्षक छापावे. मामांच्या ट्रंकेतील दुसऱ्या निनावी अंकाची नोंद मी त्या पानांच्या आधीच्या पानावर घेतली आहे : क्वार्टो कागद, काळी स्टेन्सिल, बावीस पाने, किंमत १/६ खोडून ७½, आणि नावाची जागा पेन्सिलीने आखून ठेवलेली.